मळीवरचा हिरवा ठिपका

घराभोवती एवढं मोकळं रान असताना आमच्या महावीरला रोज सकाळी टमरेल घेऊन चुलत्याच्याच नदीकाठच्या मळीत जायची काय गरज होती, हे मला कुणीतरी सांगावं. ओढा ओलांडायचा, गावाला वळसा घालायचा आणि आदगोंडा भावजींच्या हळदीच्या कडेला जाऊन बसायचं. दोन लेकरांचा बाप! भावजी तिथंच वाफ्यात वाकून भांगलत असायचे. त्यांना दिसायचं, ते तोंड फिरवायचे. उठल्यावर हा सरळ घरी येईल तर शपथ. बांधावरनं सावकाश, जमीन मोजल्यासारखा चालत यायचा.

"लाज न्हाई वाटत रं?" मी विचारायची.

"आपल्याच रानात बसतोय आई. सातबारा काढून बघ."

सातबारा मला कशाला बघायला पाहिजे? मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण घरात काय झालं ते कागदाआधी मला ठाऊक. नदीच्या वळणावरची मळी कागदावर आमची, ओढ्याकडचं रान कागदावर भावजींचं. महावीर रांगत होता तवा एका पुरात आमचा मळीवरचा गोठा गेला. दावणीची दोन्ही बैलं दाव्यासकट बुडून मेली. आमच्या मालकांनी तवापासून नदीचा धसकाच घेतला. पाऊस लागला की जेवण जायचं नाही. मग भावजी, धाकटे असून, पुढं झाले. म्हणाले, "दादा, तू ओढ्याकडं जा. मळीवर मी राहतो." आमच्या जैनांच्या बस्तीत देवासमोर उभं राहून दोघा भावांनी एकमेकांच्या हातावर पाणी सोडलं. झालं. रानांची अदलाबदल झाली. तलाठ्याकडं कुणीच गेलं नाही. भावाभावात कागद केला तर गाव म्हणणार, ह्यांचं पटत नाही.

तवा त्या मळीला कुत्रं विचारत नव्हतं. पुढं नदीवरनं पाण्याची स्कीम आली, भावजींनी आणि जाऊबाईंनी हाडं झिजवली, आणि हळद अशी पिकायला लागली की बघणाऱ्याचा डोळा पिवळा व्हावा. जाऊबाई गेल्या. आमचे मालकही गेले. मालक गेल्यावर महावीरला आठवलं की मळी आपली.

धाकटा जिनेंद्र वेगळ्या मातीचा. तो सांगलीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या सरांनी आणि सरकारी कचेरीतल्या माणसांनी मिळून नदीकाठच्या गावांचे नकाशे कॉम्प्युटरवर घालायचं काढलं. कुठं घर, कुठं वस्ती, कुठल्या घरात माणसं किती, म्हातारं कोण, पोटुशी कोण. पूर आला तर बाहेरनं बोटी येतात, त्यांना गाव माहीत नसतं. त्यांनी नकाशा बघायचा आणि नेमकं घर गाठायचं.

"आन् हे कुणाला बघायला मिळणार?" मी विचारलं.

"सगळ्यांना. कुलूप न्हाई. इंटरनेटवर टाकणार. पुण्यातनं बघा, मुंबईतनं बघा."

"म्हंजे तुझी वैनी पोटुशी हाय का न्हाई, ते मुंबईत बसून बघणार?"

"आई, बोटवाल्याला कळाय नको व्हय?"

मला ते आवडलं नव्हतं. अजून आवडत नाही. पण पोरगं उन्हातान्हात टेप धरून गावभर फिरलं, पायाचे तळवे सोलून निघाले, ते मी बघितलं. काम खोटं नव्हतं.

नकाशा पक्का करायला चावडीत सभा भरली. आम्ही बाया पाराच्या मागं उभ्या होतो, ऐकू सगळं येत होतं. जिनेंद्रनं भिंतीवर मोठा कागद लावला. निळी नदी, तिचं वळण, बारीक बारीक ठिपके. त्यानं वळणावर बोट ठेवलं.

"हितं कोण राहतं?"

"आदगोंडा आण्णा," कोंडीबा धनगर पटकन बोलून गेला.

"थांब," महावीर उठून उभा राहिला. "सातबाऱ्याला नाव कुणाचं हाय ते लिही."

"दादा, रान कुणाचं हे विचारत न्हाई मी. तिथं पाठ कोण टेकतं, एवढंच लिहायचंय."

"आज पाठ टेकतोय, उद्या मालक हुतोय. तुझा कागद पुण्यातनं दिसणार म्हणतोस न्हवं? चुलत्याचा वकील उद्या कोर्टात ह्योच कागद काढंल. म्हणंल, बघा, सरकारी नकाशात बी मळीवर आदगोंडाच हाय."

मी तेवढ्यात एकेकाची तोंडं बघून घेतली. गावात असं कोण होतं ज्याचं कागदावर एक आणि रानात एक नव्हतं? कुणी भावाच्या विहिरीवर, कुणी बहिणीच्या वाट्यात. कोंडीबाचं तर घरच गायरानात.

"मग बाळा," कोंडीबा खाकरला, "माझं घर बी गायरानात दावू नगंस. जुन्या गावठाणातच दाव."

"तिथं तुमची पडकी भिंत हाय नुसती."

"हाय न्हवं? तीच दाव."

माणसं हसली. पण हसता हसता दुसरा उठला, तिसरा उठला. माझं बी कागदाप्रमाणं घाल, माझं बी. जिनेंद्र ह्याच्या तोंडाकडं बघे, त्याच्या तोंडाकडं बघे.

"पाण्याला सातबारा वाचता येत न्हाई, काका," तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता.

आकाराम सरपंचानं हात वर केला. "ठराव करू. कागदाप्रमाणं नकाशा. म्हंजे कुणाची तक्रार नगं."

"आण्णा, तुमी काय बोलता का?" कुणीतरी भावजींना विचारलं.

भावजी खांबाला टेकून बसले होते. ते उठले, धोतराची धूळ झटकली. "मी काय बोलू? मी कुठं राहतो ते नदीला ठाऊक हाय." आणि निघून गेले. हा त्यांचा दोष. बोलायच्या वेळी बोलायचं नाही, नुसतं उठून जायचं. आमच्या मगदुमांच्या घराण्यातल्या गड्यांना तोंड देवानं जेवायला दिलंय.

त्या दिवशी दिवस बुडायच्या आत ताटं वाढली तवा मी महावीरला सोडला नाही. "बाप मेला म्हणून त्यानं सोडलेलं पाणी वाळलं व्हय रं?"

"बाप भोळा हुता. मी न्हाई."

"मळीवर चुलत्याची सून विजयमाला हाय. पोटुशी हाय. ते तरी घाल म्हणावं कागदात."

"घातलंय की. ओढ्याकडच्या रानात घातलंय." हातातला तुकडा ताटात टाकून तो उठला. सून चंदनबाला दाराआड उभी होती, ती तशीच आत गेली. जिनेंद्र मान खाली घालून जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी तो कागद गुंडाळून सांगलीला गेला. जाताना माझ्या पाया पडला, भावाच्या पडला नाही.

श्रावणात आमच्याकडं ऊन-पावसाचा खेळ चालला होता. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पण आमची नदी आमच्या पावसावर जगत नाही. वर महाबळेश्वराकडं पाऊस कोसळला की इकडं कोरड्या आभाळाखाली कृष्णा फुगते. पाणी गढूळलं, मग फेस आला, मग मुळासकट झाडं वाहत आली. घाटाच्या पायऱ्या गेल्या. स्मशानाचे पत्रे गेले. आणि मग आमचा ओढा उलटा वाहायला लागला. ज्या ओढ्यानं नदीला पाणी द्यायचं त्यालाच नदी पाणी देऊ लागली.

मी आणि चंदनबालेनं शाळूची पोती माळ्यावर चढवली. तिच्या कमरेत लचक भरली, माझ्या खांद्याची कातडी पोत्याच्या सुतळीनं निघाली. महावीरनं म्हशी सोडून माळावर नेल्या. त्या जायला तयार नाहीत, वासराकडं बघून हंबरतात. चूल भिजली. पाणी जोत्याला लागलं तसं दाराला कुलूप घातलं, पोरं खांद्यावर घेतली आणि गुडघाभर चिखलातनं शाळेत आलो.

वाटेत दूधवाला भेटला. मळीकडनंच आला होता.

"भावजी निघाले का?"

"न्हाई आक्का. विजयमाला बाळंतीण झालीया. पाचवी हुईना अजून. आण्णा म्हणत्यात, ओली बाळंतीण पावसात कुटं काढू? पाणी दाराला लागलं तर बघू."

"लागलं तर बघू! नदी काय दार वाजवून येती?" मी त्याच्यावरच ओरडले. पण मळीची वाट एव्हाना कमरेएवढ्या पाण्यात गेली होती.

शाळा गावातली सगळ्यात उंच जागा. एकेका वर्गात आठ-दहा घरं. ओल्या कपड्यांचा, शेळ्यांचा, रॉकेलचा वास. दुपारी जेवण आलं तर बटाट्याची भाजी. चातुर्मासात आम्ही कंद खात नाही. वाढणारा पोरगा म्हणाला, "आजी, पुरात कसला चातुर्मास?" मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं नुसता भात वाढला आणि पळाला. भात कोरडा. बोटी फिरतायत, मळीवरही जातीलच, असं मी धरून चालले होते, तरी डोळ्यापुढं ती बाळंतीण.

व्हरांड्यातल्या भिंतीवर जिनेंद्रचा नकाशा लावला होता. मास्तर हातात हिरवं आणि लाल पेन घेऊन उभे. जे घर शाळेत आलं त्याचा ठिपका हिरवा, राहिलं त्याचा लाल. शेजारी पोलीस वायरलेसवर बसलेला. मास्तर सांगायचे, तो सांगलीला कळवायचा, तिथं कॉम्प्युटरवर तसाच ठिपका हिरवा व्हायचा आणि बोटीवाल्यांना निरोप जायचा, आता तिकडं जायला नको. जिनेंद्र त्या कॉम्प्युटरवर असता तर गोष्ट वेगळी. पण तो आणि त्याचे सर पलीकडच्या एका गावात पाण्यानं अडकले होते. नकाशा आता त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता. कुणीही उघडावा आणि वापरावा असाच तर त्यानं केला होता.

आम्ही पोचलो तवा मास्तरांनी विचारलं होतं, "नाव?"

"महावीर बाबगोंडा मगदूम," महावीर म्हणाला.

"सगळे आले?"

"सगळे."

मास्तरांनी नाव हुडकलं, टिंब केलं. मी पोरांची डोकी पुसत होते, माझं लक्ष नव्हतं.

दुपार कलली तवा मोटारीची बोट शाळेखालच्या रस्त्याला लागली. तिच्यावर तीन जवान, प्लास्टिकच्या पिशवीत हाच नकाशा. तालुक्याचे नायब तहसीलदार साहेब छत्री धरून पुढं गेले. मोठा जवान म्हणाला, "साब, लाल वाले सब देख लिए. एक ही बचा था, आदगोंडा मगदूम. घर पे ताला है. आदमी कोई नहीं."

"पाहुण्यांकडं गेले असतील," साहेब म्हणाले. "मग हे गाव झालं. खालच्या गावाला निघा, तिथं लोक छपरावर आहेत."

ताला. कुणाचा ताला? तो ताला मीच सकाळी घातला होता. कनवटीला किल्ली होती.

मी नकाशापाशी गेले. मला अक्षर लावायला वेळ लागतो, पण नदीचं वळण काय वाचायला लागतं? ज्या वळणावर मी लग्न होऊन आले, जिथं माझी बैलं मेली, तिथं बोट ठेवलं. त्या वळणावर टिंब होतं. हिरवं.

मळीवरची माणसं आली, असं कागद सांगत होता. कारण मळीवरची माणसं म्हणजे आम्ही.

मी मागं वळले. व्हरांड्यात अर्धा गाव उभा होता. ताल्याचं ऐकून सगळ्यांना एकदमच कळलं असणार. आकारामनं टोपी काढून डोकं खाजवलं. कोंडीबा घोंगडीची दशी ओढत बसला.

"आकाराम," मी हळूच म्हणाले, "सांग की साहेबाला."

"आक्का, तुमच्या घरातलं हाय. मी बोललो तर महावीर म्हणणार, आकाराम चुलत्याचा साक्षीदार झाला. त्याला बोलू द्या."

महावीर? मी बघितलं तर महावीर जागेवर नव्हता. चंदनबाला खिडकीपाशी उभी, तोंडाला पदर लावलेला.

"कुटं गेला?"

तिनं खिडकीतनं हात दाखवला. शाळेच्या मागं पाटलांचं गुऱ्हाळ. तिथं पालथी घातलेली गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई, काहील असते, दोन माणसं बसतील अशी. पुरात आमच्याकडं काहिलीची होडी करतात, पण शांत पाण्यात, शेतातनं, बांबू रेटत. महावीर ती काहील एकटा ओढत पाण्याकडं नेत होता. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज इथपर्यंत आला.

"आत्याबाई, मी म्हणलं, बोट हाय न्हवं, साहेबास्नी सांगा," चंदनबाला हुंदके देत म्हणाली. "तर म्हणले, सांगितलं की मळी गेली. मीच जातो आन् घिऊन येतो, कुणाला काय सांगाय नगं."

मी खिडकीतनं ओरडले. "महावीर! ए महावीर!" नदीचा आवाज मोठा. किंवा त्यानं ऐकलं. मान वळवली नाही. काहील पाण्यावर ठेवली, आत बसला, बांबू टेकला. काहील एकदा गोल फिरली आणि उसाच्या शेंड्यांवरनं मळीच्या दिशेला गेली. आणि इकडं रस्त्यावर बोटीची मोटार चालू झाली.

माझ्या गुडघ्यात वाताचं दुखणं आहे. पण मी त्या पायऱ्या कशा उतरले मला माहीत नाही. पदर सुटलेला, चपला वर राहिलेल्या.

"साहेब! थांबवा ती बोट!"

"काय झालं आजी?"

"मळीवर हिरवं टिंब खोटं हाय. तिथं आमी राहत न्हाई. माझं दीर राहत्यात. त्यांची सून ओली बाळंतीण हाय."

साहेबांनी नकाशा बघितला. "इथं तर महावीर मगदूम..."

"त्यो माझा ल्योक. आमी वड्याकडं राहतो, दिराच्या नावच्या रानात. तुमचा जवान बघून आला ते कुलूप माझं हाय, ही बघा किल्ली. मळी कागदावर आमची असंल, पर ती आदगोंडा भावजींची हाय. मालकांनी बस्तीत हातावर पाणी सोडलंय. घ्या लिहून. कुटं सही करू? सही येती मला."

मागं सगळा गाव ऐकत होता. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. आता सांगितलंय तर अर्धवट कशाला?

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, विचारणार कुठल्या साली, साक्षीदार कोण. ते म्हणाले, "आजी, सातबाऱ्याचं मला काय करायचंय? माणसं किती आहेत ते सांगा."

एवढंच. ज्याला भिऊन गावानं ठराव केला, ज्याला भिऊन माझा ल्योक काहिलीत बसला, त्याचं साहेबाला काही करायचंच नव्हतं!

"भावजी, सून आन् तान्हं बाळ. पोरगा ट्रक घिऊन बंगळूरकडं गेलाय. आन् आता माझा महावीर. काहिलीतनं गेलाय."

"काहिलीतनं?" साहेब जवानांवर ओरडले. बोट वळली. जवानानं हातातल्या कागदावरचं हिरवं टिंब बोटानं दाबून बघितलं आणि मग कागद तसाच गुंडाळून छातीत खुपसला.

मग व्हरांड्यातनं कोंडीबा खाली आला. घोंगडी हातात. "साहेब... माझं बी घर तिथं न्हाई. गायरानात हाय. म्हातारी तिथंच ऱ्हायलीया, शेरडं सोडून यीना." त्याच्या मागनं दुसरा. "माझा भाऊ विहिरीवरच्या खोलीत हाय." मास्तरांच्या हातातलं लाल पेन थांबेना. वायरलेसवर ओरडून ओरडून पोलिसाचा घसा बसला. मास्तर भडकले. "सकाळधरनं सांगायला तोंडात काय शेण होतं?" मास्तर बाहेरगावचे, कोण कुठं राहतं ते त्यांना कागदावरनंच ठाऊक.

मी पायरीवरच बसले. कुणीतरी पोतं पांघरायला दिलं, ते मी चंदनबालेच्या पोरांना दिलं. मळीकडं बघितलं तर नुसता ऊस आणि पाणी, आणि उसाच्या पलीकडं काहीच दिसत नाही. मोटारीचा आवाज लांब गेला, बारीक झाला, मग येईनाच. मी कान लावून बसले. एकदा वाटलं कुणी हाक मारली. टिटवी होती.

चंदनबाला माझ्या शेजारी येऊन बसली. "आत्याबाई, त्यास्नी पवता येतंय."

"त्याच्या बापाच्या बैलास्नी बी येत हुतं," मी म्हणाले. तिचा चेहरा बघून तिचा हात माझ्या हातात घेतला. दोघींचे हात गार होते.

भावजींचाही मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती. मळीवरचं घर दगडाचं, पण वर कौलं. माळा लहान. बाळंतिणीला शिडीनं कसं चढवलं असेल त्या म्हाताऱ्यानं? आणि तान्हं बाळ? नाव नव्हतं ठेवलेलं अजून. कुठल्या ठिपक्यात ते नव्हतं, कुठल्या रंगात नव्हतं.

ऊन ढगाखालनं तिरपं येऊन पाण्यावर पडलं तवा मोटारीचा आवाज परत आला. मी उठले नाही. बोटीत माणसं मोजायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी, नीट दिसेना. चंदनबाला ओरडली, "हायती! हायती आत्याबाई!"

विजयमाला बोटीच्या मधोमध, डोक्यावरनं खताच्या पोत्याची खोळ घेतलेली, छातीशी गाठोडं. गाठोडं रडत होतं. बरं वाटलं. रडतंय म्हणजे आहे. तिच्या मागं भावजी, धोतर मांडीपर्यंत फाटलेलं. आणि बोटीच्या तळाला, भिजलेल्या पोत्यासारखा, महावीर.

बायांनी विजयमालेला उचलून वर्गात नेलं. बोट तशीच कोंडीबाच्या म्हातारीला आणायला गायरानाकडं वळली. भावजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओठ निळे पडलेले.

"वैनी, ह्यो आला हुता. काहील भवऱ्यात घावली, दारच्या आंब्याला आपटून पालथी झाली. पोरगं फांदीला लोंबकळत हुतं. मी माळ्यावरनं विहिरीच्या सोलाचा दोर टाकला, वढून घेतला. काहील गेली." मग म्हणाले, "माझ्यासाठी आला हुता, वैनी." आणि तो सत्तरीचा माणूस तोंडावर पंचा धरून रडला.

मग काय विचारता! माणसं महावीरभोवती गोळा झाली. मघाशी ज्यांची तोंडं शिवलेली होती ती आता कशी फुटली. आकाराम म्हणाला, "वाघ हाय गड्या! चुलत्यासाठी काहिलीतनं पुरात घुसला. असला पुतण्या हुडकून मिळायचा न्हाई." कुणी म्हणालं, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं नारळ द्यायचा. कुणी म्हणालं, पेपरात फोटो. चहाचा ग्लास ह्या हातातनं त्या हातात होत त्याच्यापर्यंत गेला.

महावीर भिंतीला टेकून बसला होता. काहिलीच्या काठानं दंडाला मोठी जखम झालेली. मी त्याच्याजवळ बसले. पदरानं त्याचं डोकं पुसलं. लहानपणी पुसायची तसं, कानामागनं, मानेमागनं. शाळेच्या चुलीवरनं हळद मागून घेतली, जखमेत भरली. त्यानं दात आवळले. हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आई," तो हळूच म्हणाला, "साहेबाला तू सांगितलंस म्हणं."

"सांगितलं."

"मी गेलतो की आणाया. थोडं थांबायचं हुतंस." आणि वर बघून, आकारामचं बोलणं कानात असल्यामुळं असेल, ओठाच्या कोपऱ्यात हसला. "आता तरी चांगलं म्हणशील का न्हाई मला?"

माणसं हसली. भावजीही हसले. सगळी माझ्याकडं बघायला लागली, म्हातारी आता काय बोलते म्हणून. मी फडक्याची गाठ त्याच्या दंडावर घट्ट बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"महावीर, तू जित्ता आलास, माझं पोट निवलं. च्या पी, कापडं बदल, चुलत्याच्या पाया पड. पर ही माणसं तुला वाघ म्हणत्यात ते खरं धरू नगंस. इतकी वर्सं मला वाटायचं माझा ल्योक लोभी हाय. लोभ्याला निदान एवढं कळतं, की जीव ऱ्हायला तर रान खायला मिळतं. तू तर जीव टाकाय निघालास, त्यो बी कशापायी? चार माणसांत 'मळी काकाची हाय' एवढं म्हणावं लागू नये म्हणून. पुराला भ्याला न्हाईस, आन् एवढ्या तीन शब्दांना भ्यालास. तू लोभी न्हाईस रं बाळा, तू भित्रा हायस."